द्विवचन

त्यांची पहिली नेमणूक मीच टाइप केली.
झागोर्ये, कोळसा खाण समिती, सचिव.
कागद इतका पातळ
की पूर्णविरामाला भोक पडायचं.
आल्बिन ह्रोवातिन. वय सत्तावीस.
डाव्या हाताला तीन बोटं.
शिक्षण? मी विचारलं.
जंगल, म्हणाले, आणि हसले.
मी लिहिलं: चौथी पास.

मशीन जर्मनांनी पळताना टाकलेलं,
त्यावर आमच्या अक्षरांची छपरं नव्हती.
भाषण टाइप करून झालं की
रात्री पेनाने एकेका अक्षरावर
मी छप्पर घालत बसायची.
सकाळी खाणीच्या फाटकावर ते वाचायचे,
आपण बांधू, आपण खणू, आपण उजळू,
आणि माणसं काळ्या तोंडाने ऐकायची,
एखादा मागून साबणाचं विचारायचा.

मग ल्युब्ल्याना. लेटरहेड जाड झालं.
उद्योग. मग रस्ते. मग तीन महिने संस्कृती,
ती का, हे त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं.
पुलांच्या फिती ते डाव्या हाताने कापायचे,
कात्री त्या तीन बोटांत नीट बसायची,
फोटोत मात्र उजवा हात पुढे.
मग बेलग्रेड, सहा वर्षं,
तिथून परतले ते गोड कॉफीची सवय घेऊन
आणि वाक्य अर्ध्यावर थांबवायची.

बहात्तर साली त्यांना मुक्त करण्यात आलं,
स्वतःच्या विनंतीवरून.
ती विनंती मी
त्यांनी करायच्या आदल्या दिवशीच टाइप केली होती.
सही करताना म्हणाले,
नेझ्का, स्वल्पविराम चुकलाय.
चुकला नव्हता.

उरलं मत्स्यपालन संघाचं मानद अध्यक्षपद,
लेटरहेडवर एक निळा ट्राउट.

नव्वदच्या शरदात जंगलातले खड्डे उघडले.
पेपरात रोज आकडे, रोज वेगळे.
ते माझ्या दारात आले, टोपी हातात,
पिशवीत युस्तिनाने दिलेल्या नाशपाती.
म्हणाले, लिहून घे, एक कार्बन लाव.
जून पंचेचाळीस. पहाट. चुनखडीची वाट.
आणि मग म्हणाले,
आम्ही दोघं काठावर उभे होतो.

माझी बोटं थांबली.
आमच्या भाषेत दोघांसाठी वेगळं वचन आहे.
डोळ्यांना, हातांना ते लावत नाहीत,
ते जोडीनेच जन्मतात.
दुसरा असेलच असं नाही, तिथे लावतात.
पंचेचाळीस वर्षांच्या भाषणांत
मी ते एकदाही टाइप केलं नव्हतं.
आपण होतं, आम्ही होतं,
जनता तर पानोपानी होती.
हा एक माणूस कधीच नव्हता.

कोण दुसरा? मी विचारलं.
सोबतचा? की
समोरचा?

ते खिडकीबाहेर बघत राहिले.
शेजारचा मुलगा सायकलची साखळी चढवत होता,
निसटत होती, पुन्हा चढवत होता.
अनेकवचन कर, म्हणाले.
मी फुल्या मारल्या, सहा, त्यावर आणखी सहा,
आणि पुढे लिहिलं: आम्ही सगळे.
बरं, म्हणाले. आज एवढंच.
नाशपाती कच्च्या होत्या, पेपरात गुंडाळून ठेवल्या.

फेब्रुवारीत ते गेले.
खाण कामगारांचा बँड आला, पाच जण,
ट्रॉम्बोनवाल्याला दम्याचा त्रास.
नव्या सरकारातून कुणी नाही,
जुन्यातल्या एकाने भाषण केलं,
आपण, आपण, आपण,
आणि बर्फ पडू लागला तसा आवरतं घेतलं.

आता विद्यापीठातली मुलं येतात, कागद मागतात.
निळा ट्राउट दाखवते, पूल दाखवते.
कार्बन प्रत पिठाच्या डब्याखाली आहे.
खिडकीशी धरली तर फुल्यांच्या आतून
तो शब्द दिसतो.
त्याच्या पुढचं क्रियापद मात्र त्यांनी सांगितलंच नाही.
परत येण्याचं.
त्याचं वचन
मला अजून लावता येत नाही.